पट्टे ताण घेईपर्यंत

"ते नको, त्याच्या पलीकडचं घ्या," ती खिडकीशी लावलेल्या पलंगावरून म्हणाली. "ते आतून पोकळ असेल."

जन्मभर इमारतींना परांच्या बांधणाऱ्या माणसाला झोळीच्या दुसऱ्या टोकासाठी कुठलं झाड घ्यावं हे बायकोने शिकवावं! तो मुकाट्याने पलीकडच्या झाडाकडे गेला. बुंध्यावर मूठ आपटली, आवाज भरीव आला. नखाने साल खरवडली, खाली हिरवं ओलं लागलं. वाळकी फांदी कुठे डोक्यावर लटकत नाही ना, तेही मान वर करून पाहिलं.

"हे ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"चला, घरात कुणीतरी ठणठणीत आहे म्हणायचं."

पलंगाशी उभी असलेली तिची धाकटी बहीण हसली आणि लगेच तोंड फिरवून औषधाच्या बाटल्या नीट लावू लागली.

झोळीचं हे खूळ आज सकाळचंच. नर्स आली, नाडी पाहिली, जाताना मेहुणीला दाराबाहेर नेऊन काहीतरी बोलली. औषधांचंच असणार, असं तो धरून चालला. तेवढ्यात हिचं सुरू झालं: मला झाडाखाली झोळीत झोपायचंय, आणि आजच. आयुष्यात साध्या झोपाळ्यावर कधी बसली नाही ही बाई! पण आजवर तिने मागितलं तरी काय होतं? तो उठला आणि बाजारातून झोळी, पट्टे, कड्या सगळं घेऊन आला.

डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. ती वाचणार नाही हे त्याने मनाशी मान्य केलं होतं. धास्ती वेगळीच होती. त्याची आई गेली तेव्हा तो दूर कुठेतरी परांचीवर होता आणि ती बिचारी एकटीच गेली. हिच्या वेळी हिचा हात आपल्या हातात असला पाहिजे, एवढं एकच त्याने धरून ठेवलं होतं. त्यापायी कित्येक रात्री तो पलंगाशी खुर्ची टाकून बसला होता. डोळा लागलाच तर दचकून उठायचा आणि तिचा श्वास ऐकायचा.

"असे टक लावून बसता, मला कण्हायचीसुद्धा चोरी झालीये," ती म्हणायची. तो खुर्ची आणखी जवळ ओढायचा.

त्याने तळहाताएवढे रुंद पट्टे आणले होते, कारण दोरी साल कापत जाते. दोन्ही झाडांना एकेक पट्टा डोक्याच्या उंचीवर बुंध्याभोवती फिरवला, त्याच्याच टोकाला शिवलेल्या फासातून ओवून आवळला. कड्या अडकवल्या आणि प्रत्येकीचं तोंड बंद झालंय ना, हे अंगठ्याने दाबून पाहिलं. झोळी ताठ न ओढता पोटात सैल सोडली. ताठ बांधली की सगळा ताण पट्ट्यांवर येतो. बूड खुर्चीच्या उंचीवर ठेवलं, म्हणजे तिला ठेवताना हिसका नको. तिची हाडं इतकी ठिसूळ झाली होती की कुशीवर वळवतानाही तो दोन्ही हात खाली घालायचा.

"आणू का उचलून?"

"आणि तुम्ही आधी झोपून बघणार नाही? आज कसं काय?"

यावरून त्याची कामावर फार थट्टा व्हायची. परांची बांधली की तो स्वतः तिच्यावर चढून थयथय नाचायचा, मगच दुसऱ्याला पाय ठेवू द्यायचा. लोक हसत, पण त्याने बांधलेल्या परांचीवरून कधी कुणी पडलं नव्हतं.

"बघतोय ना, बाई," म्हणत तो आधी हळूच टेकला, मग अंग सोडून आडवा झाला. पट्टे कुरकुरले, जरा लांबले आणि थांबले.

"धरलं," तो म्हणाला.

"लगेच काय उठता? नवे पट्टे आहेत. ताण घेऊन नीट बसू देत. मी कुठे पळून चाललेय?"

खरंच होतं ते. नवा पट्टा भार पडल्यावर थोडा वेळ लांबतच राहतो, हे त्यानेच तिला कधीतरी सांगितलं होतं. खिडकी हाकेच्या अंतरावर होती. तिचा चेहरा दिसत होता, ती त्याच्याकडेच बघत होती. वारा सुटला होता.

"पाच मिनिटं," तो म्हणाला.

जाग आली तेव्हा उन्हं झाडांच्या दुसऱ्या बाजूला गेली होती. त्याच्या अंगावर कुणीतरी चादर घातली होती. खिडकीचा पडदा ओढलेला होता. मेहुणी झोळीशेजारी जमिनीवर बसली होती.

तो धडपडत उठला. "उठवलं का नाहीस मला? थांब, घेऊन येतो तिला. पट्टे एकदम पक्के आहेत."

मेहुणीने त्याचा हात धरला.

"भावोजी," ती म्हणाली, "झोपलेत ना नक्की, असं ताई सारखी विचारत होती. हो म्हटलं, तेव्हा कुठे तिने प्राण सोडला."