आज हेडफोन नकोत

"ही ट्यूबलाइट बंद कराल का?"

वर्गात पाऊल टाकताच मॅडमचं हे पहिलं वाक्य. वर्गाच्या बाईंनी केलेल्या नमस्काराकडे, टेबलावरच्या चहाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मागच्या कोपऱ्यात गेल्या, खुर्ची भिंतीला आणखी चिकटवली आणि बसल्या.

आली आखडूबाई, असं मनातल्या मनात म्हणत बाईंनी बटण दाबलं.

मॅडम शिक्षण कार्यालयातून आल्या होत्या. चिंगी या शाळेत राहणार की नाही, ते त्यांच्या या एका तासाच्या पाहणीवर ठरणार होतं. त्या नाही म्हणाल्या, की चिंगीची रवानगी विशेष मुलांच्या लांबच्या निवासी शाळेत. सकाळीच फाटकाशी चिंगीच्या आईने बाईंचा हात धरला होता. "बाई, काय वाट्टेल ते करा, पण हिला लांब धाडू देऊ नका हो. माझ्याशिवाय झोपत नाही ती."

चिंगी आता पहिल्या बाकावर बसली होती. दोन घट्ट वेण्या, नजर खाली. बोलायची अगदी मोजकं, पण गणितात भल्याभल्यांना पाणी पाजायची. तिला त्रास एकाच गोष्टीचा, आवाजाचा. त्यात शाळेची घंटा म्हणजे जन्माची वैरीण! म्हणून घंटेआधी ती जाड निळे हेडफोन कानांवर चढवायची. कधी राहून गेले, तर बाकाखाली शिरायची आणि कान गच्च दाबून डोलत राहायची.

मग शेजारचा भोंगा तिच्याजवळ मांडी ठोकायचा. अख्ख्या शाळेत त्याच्याएवढा गळा कुणाचा नाही, म्हणून तर हे नाव पडलं. पण हाच भोंगा जमिनीवर बोटांनी हलकेच टकटक करायचा आणि कुजबुजायचा, "संपली हं. घंटा संपली." तेव्हा कुठे चिंगी बाहेर यायची. तिने स्वतः मात्र हे शब्द कधी तोंडातून काढले नव्हते.

आज ते हेडफोन बाईंच्या कपाटात, कुलपात होते. मोठ्या बाईंचा तसा हुकूमच होता.

"आज तेवढं ते कानावरचं लचांड नको. पटकन नजरेत येतं. चारचौघींसारखी दिसू दे पोरगी."

"आणि घंटा?"

"शिपाईकाकांना सांगते ना मी, आज वाजवू नका म्हणून. तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

निर्धास्त म्हणे! सकाळी बाई आल्या तेव्हा काका पायऱ्यांवर बसून घंटा घासत होते. "मोठ्या साहेब येणार ना, बाई! लख्ख दिसायला नको?" बाई घाईत होत्या, नुसत्या हसून पुढे गेल्या.

तास सुरू झाला. बाईंनी फळ्यावर अपूर्णांक लिहिले. चिंगीने उठून अर्धा अधिक पाव चुटकीसरशी करून दाखवलं. बाईंनी मोठ्या आशेने मागे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"मॅडम, हीच ती आपली..."

"कळलं मला." नजर खिडकीबाहेरच. "तिच्यासाठी वर्गात काही वेगळी सोय केलीय?"

"छे छे! काही लागत नाही तिला. इतरांसारखीच आहे अगदी."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. "घंटा कधी होते?"

"आहे हो अजून वेळ."

"नक्की कधी?" त्यांनी पर्सची चेन अर्धी उघडली.

कंटाळली वाटतं बया! इथे एका लेकराचा जीव टांगणीला लागलाय आणि हिला निघायची घाई. बाईंचं डोकं भणभणलं, पण त्यांनी चेहरा हसरा ठेवला. "पुष्कळ वेळ आहे, मॅडम. आरामात बसा तुम्ही."

मॅडमनी चेन पुन्हा लावली.

इकडे भोंग्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एक डोळा घड्याळावर, एक चिंगीवर. शेवटी न राहवून त्याने हात वर केला. "बाई, चिंगीचे हेड..."

"गप्प बस, भोंग्या!"

आणि घंटा झाली.

साहेब ऐकताहेत म्हणून काकांनी जीव तोडून हाणली. मोठ्या बाई त्यांना सांगायला विसरल्या होत्या.

चिंगी बाकाखाली गेलीसुद्धा. कान गच्च दाबलेले, डोळे मिटलेले, अंग पुढेमागे डोलतंय. भोंगा तिच्यापाठोपाठ खाली घुसला. बाई कपाटाकडे धावल्या, तर किल्ली कुलपात शिरेना. फाटकाशी हात धरणारी ती आई त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि डोळे भरून आले. आता कुठल्या तोंडाने तिला सांगायचं?

एकदाची घंटा थांबली.

"संपली हं. घंटा संपली," भोंगा कुजबुजला.

चिंगीने डोळे उघडले. पण ती बाकावर बसायला आली नाही. रांगत रांगत, बाकांखालून, मागच्या कोपऱ्याकडे निघाली.

"चिंगे, अगं तिकडे कुठे!" बाई तिच्यामागे धावल्या. "माफ करा हं मॅडम, एरवी ती असं कधीच..."

खुर्ची रिकामी होती.

मॅडम शेवटच्या बाकाखाली होत्या. गुडघे छातीशी, तळवे कानांवर गच्च, अंग पुढेमागे डोलत होतं. शेजारी पर्स उलटी पडली होती आणि तिच्यातून काळे हेडफोन बाहेर डोकावत होते.

चिंगीने त्यांच्याजवळ मांडी ठोकली, जमिनीवर बोटांनी हलकेच टकटक केलं आणि कुजबुजली, "संपली हं. घंटा संपली."