डावा स्पीकर

"काका, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," दुकानातून आलेला जोडणीवाला टीव्हीच्या मागून डोकं बाहेर काढत म्हणाला. "तुमचा जुना रिसीव्हर ह्या साध्या स्पीकरांना आवाज पुरवतो. नव्या साउंडबारच्या पोटात त्याचं स्वतःचं यंत्र आहे, त्याला रिसीव्हर लागतच नाही. एक काय ते ठरवा."

काका त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "दोन्ही जोडा," ते म्हणाले. "दोन्ही एकदम वाजले पाहिजेत."

"अहो, कान फुटतील!"

"फुटू देत."

चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवड्यापूर्वी, दिवा मालवल्यावर, त्यांनी ह्याच माणसाला सांगितलं होतं. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आलाय, चांगला नाहीये, ऑपरेशन करायचं म्हणतात, मला फार भीती वाटते हो. सगळं हळू आवाजात, त्यांच्या पाठीकडे बघत. पाठ हलली नाही. हूं नाही की चूं नाही. सकाळी उठून गृहस्थ विचारतो काय, तर माझा चष्मा पाहिलास का! आणि दुपारी बाजारात जाऊन हा लांबलचक खोका उचलून आणला. बायको मरो की जगो, ह्यांना सिनेमा खणखणीत ऐकू आला पाहिजे.

काकूंनी धाकट्या बहिणीला फोन केला होता. "दवाखान्यात तूच ये बाई माझ्याबरोबर. ह्यांनी ह्या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं." काल बॅग भरताना काका दारात येऊन उभे राहिले होते. "बहिणीकडे का? ये जाऊन," म्हणाले, आणि हसले. ते हसणं काकूंच्या फार जिव्हारी लागलं होतं. ऑपरेशन उद्यावर आलं होतं.

"बरं, तुमची हौस," जोडणीवाल्याने हात टेकले. "आधी रिसीव्हरचं तपासू. एकेका स्पीकरातून खर्र आवाज येईल. आला की सांगायचं." त्याने बटण दाबलं. मधल्या स्पीकरातून खर्र आवाज आला. त्याने भुवया उंचावून बोट दाखवलं.

"आला," काका म्हणाले.

उजवा स्पीकर खरखरला. बोट उजवीकडे गेलं. "आला."

मग बोट डावीकडे गेलं.

"आला! अगदी स्वच्छ," काका खुशीत म्हणाले.

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. जोडणीवाल्याने खाली मान घालून स्वतःच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. "काका, डाव्या स्पीकरची वायर तर अजून माझ्याच हातात आहे."

"हो, हो. छान, छान," काकांनी मान डोलावली.

"भलतेच थट्टेखोर आहेत हं काका," असं म्हणून तो हसला आणि आधारासाठी काकूंकडे बघू लागला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. त्या नवऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्या रात्रीच्याच आवाजात म्हणाल्या, "अहो."

पाठ हलली नाही.

"अहो, चहा आणलाय."

काका समोरच्या टीव्हीकडे कौतुकाने बघत राहिले. जोडणीवाल्याचं हसू मावळलं. "मी... ते... गाडीतून जरा पक्कड घेऊन येतो," तो म्हणाला. पक्कड त्याच्या खिशातून डोकावत होती. तो बाहेर गेला.

काकू पुढे आल्या, काकांच्या समोर स्टुलावर बसल्या. आठवडाभर मनात ह्या माणसाला काय काय म्हणून घेतलं होतं! दगड म्हटलं, उलट्या काळजाचा म्हटलं. आता शरमेने त्यांना काकांकडे बघवेना. "कधीपासून ऐकू येत नाही?"

काकांनी त्यांच्या ओठांवरून शब्द वेचले. चेहरा पडला. "वर्ष होत आलं. आधी वाटलं, मळ असेल. मग म्हटलं, दोन्ही यंत्रं एकदम लावली तर भागेल."

"अहो, मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर ओरडून बोलायला लागली असतीस. बहिऱ्याशी सगळे ओरडतातच. बसस्टॉपवरच्या त्या म्हाताऱ्याला त्याची सून कशी ओरडते, पाहिलंस ना?" ते ओशाळं हसले. "तू हळू बोलतेस गं. रात्री उशीला उशी लावून बोलतेस, ते ऐकू येत नाही मला, पण उशी थरथरते. मग कळतं, ही बोलतेय. बरं वाटतं."

काकू पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"मागच्या आठवड्यात एकदा पुष्कळ वेळ बोलत होतीस. बहिणीचं काहीतरी असेल. इतकी गाढ झोप लागली मला त्या रात्री."

उठून जावं, बॅग उचलावी, बहिणीकडेच चालले म्हणावं आणि ह्यांची झोप ह्यांना राहू द्यावी, असंही काकूंना क्षणभर वाटून गेलं. मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं. काकांचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. आणि घशातून आवाज न काढता, नुसते ओठ हलवत, एकेक शब्द सुटा करून त्या पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.

'गाठ' ह्या शब्दापाशी काकांची नजर त्यांच्या ओठांवरून उठून डोळ्यांवर आली, आणि मग ओठांकडे परत जाईना.