उशाशी स्क्रूड्रायव्हर

सासऱ्यांच्या उशाशी फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. नर्सने तो दोनदा उचलून नेला, त्यांनी दोनदा परत मागवला.

जावई पंपांचा फिटर. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आत कुठलं बेअरिंग गेलंय ते त्याला कळतं. मंगळवारी जेवण झाल्यावर सासरे खुर्चीत कलंडले, गॅस झालाय म्हणाले. जावयाने तेच हत्यार त्यांच्या छातीला लावलं, मिनिटभर ऐकलं आणि त्यांना उचलून थेट दवाखान्यात आणलं. अर्धा तास उशीर झाला असता तर आटोपलंच होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून सासरे येईल त्याला ही कथा ऐकवत होते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी तर स्वतःची छातीही तपासून मागितली. पण ज्याला सहा वर्षं ‘पानेवाला’ म्हणून हिणवलं, त्याचे आभार मानायला काही जीभ वळत नव्हती.

आज जावई एकटाच आला. सासऱ्यांनी घसा खाकरला आणि सकाळपासून घोकलेलं वाक्य म्हटलं.

“जावईबापू, तुमच्या या हत्याराने माझा जीव वाचवला.”

जावयाने स्टूल ओढलं. “खरं सांगू का, मामा? त्यातून मला काहीच ऐकू आलं नव्हतं.”

“मग?”

“गॅस कुठे अडकलाय बघू, म्हणून गंमत केली. म्हटलं, आता माझा उद्धार होणार. सहा वर्षांत तुम्ही एक संधी सोडली नाहीत. आणि मी ग्रीसने बरबटलेला स्क्रूड्रायव्हर तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर टेकवला, तरी तुम्ही गप्प. तेव्हा कळलं, आत काहीतरी मोठं बिघडलंय.”

सासऱ्यांना बोलायचं पुष्कळ होतं, पण शब्द फुटेना. ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

जावयाने ते मिटलेलं तोंड निरखून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. हात हळूच भिंतीवरच्या घंटीकडे सरकला.

सासऱ्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी होता नव्हता तेवढा जोर एकवटला.

“शर्टाची बटणं वरखाली लागलीत,” ते म्हणाले. “घरात आरसा नाही का तुमच्या?”

जावयाचा जीव भांड्यात पडला. घंटीवरचा हात खाली घेऊन तो खुशीत एकेक बटण सोडू लागला.