कंपनीचे दात

गॅरेजवाल्या गुलाम हुसेनने जीपच्या मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचं, झाकण काढलं, तसं काळं तेल खालच्या परातीत ओघळलं. तेलाबरोबर पाच दात आले.

"मोजून घ्या, प्रोफेसर साहेब," तो म्हणाला.

अनिमेषने मोजले नाहीत. तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे, आणि गेल्याच सोमवारी त्याने घर्षणावर तास घेतला होता. रविवारी दिघाशीच्या ओढ्यात जीपचं चाक चिखलात नुसतंच गरगरत असताना त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. मग चाकाखाली दगड आला, चाक जागच्या जागी थांबलं, इंजिन थांबलं नाही, आणि मधल्या मध्ये ज्याचा काही दोष नव्हता ते तुटलं. सोबत आलेल्या मित्राने या सगळ्याचं चित्रीकरण केलं होतं.

जीप त्याची असती तर गोष्ट निराळी होती. जीप सासऱ्यांची होती. अण्णा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. गुडघ्यांसाठी पाच दिवस अकलोलीच्या गरम कुंडांवर जाताना त्यांनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली होती आणि सांगितलं होतं, रोज सकाळी सुरू करा, गल्लीच्या टोकापर्यंत न्या, परत आणा. दिघाशी गल्लीच्या टोकाला नाही.

ट्रॅक्टर लावून जीप बाहेर काढणारा तुळशीराम मात्र शांत होता. साखळी अडकवताना तो म्हणाला, "ह्यो दगड वलखीचा हाय." अनिमेषला वाटलं, गावकरी आपल्या दगडांना ओळखत असणार.

तुटलेलं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राउन, आणि त्याला फिरवणारं लहान ते पिनियन. दोघांची जोडी कारखान्यातच लागते. एक बदललं की दुसरंही बदलावं लागतं. शिवाय पुढच्या आणि मागच्या जोडीच्या दातांचं प्रमाण एकच हवं, नाहीतर चारही चाकं जोडली की गाडी स्वतःशीच भांडते. हे सगळं गुलाम हुसेनने त्याला समजावलं आणि पाठमोरा होऊन फळीवरून एक जोडी उतरवली.

"जुन्याचे दात मोजून बघायचे नाहीत?"

"या गाडीचं पाठ आहे मला."

अनिमेषला त्याच्या कारागिरीचं कौतुक वाटलं आणि आपल्या पदवीची थोडी लाज. लाजेचा तो आठवडाच होता.

गुलाम हुसेनने नव्या दातांना शेंदरी लेप लावला, क्राउन हाताने फिरवला, डाग दाताच्या मधोमध उमटला की नाही ते पाहिलं. उमटला नव्हता. पातळ चकती घातली, पुन्हा फिरवलं. असं चार वेळा केलं. अनिमेष स्टुलावर बसून होता. शेवटी त्याने विचारलं, की हे अण्णांच्या कानावर जाणार नाही ना.

"मी कुणाचं कुणाला सांगत नाही. निम्मा धंदा त्याच्यावरच चाललाय."

अनिमेष निघायच्या आधी गुलाम हुसेनने तुटलेली जोडी आणि सुटे दात यंत्रमागावरच्या कोऱ्या कापडात बांधले, वर दुहेरी गाठ मारली आणि गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. अनिमेष म्हणाला, भंगारात टाका. गुलाम हुसेनने मान हलवली.

"जुना माल गिऱ्हाइकाचा. अब्बांची रीत आहे. उद्या कोणी म्हणायला नको, तुटलंच नव्हतं ते बदललं."

गाठोडं चांगलं सात किलो भरलं असतं. घरी पोचल्यावर ते अनिमेषच्या स्कूटरच्या डिकीत गेलं.

अण्णा आले, त्यांनी जीप पडघ्यापर्यंत नेऊन आणली, आणि जेवायला बसल्यावर नेहमीचं सांगितलं. एकोणीस वर्षं झाली, या गाडीचं डिफरन्शियल उघडलेलं नाही, आत अजून कंपनीचे दात आहेत. स्वतः अण्णांच्या तोंडात सहा उरले होते. "गाडी कशी वापरायची हे माणसाच्या चारित्र्यावर असतं," ते म्हणाले. मग त्यांनी किल्ली खिशातून काढून अनिमेषच्या ताटाशेजारी ठेवली. "आजपासून तुमची. तुमच्या हातात ती आणखी एकोणीस वर्षं जाईल."

रुचिराला वडिलांचा अभिमान वाटला, नवऱ्याचाही. सासूबाई प्रमोदिनी खाली बघून भात वाढत राहिल्या. अण्णा गावाला गेले की त्या याच जीपने बाजाराला जात, पण गाडीचा विषय निघाला की काही बोलत नसत.

दोन दिवस त्याने किल्लीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं छातीशी धरून तो सासुरवाडीच्या दारात उभा राहिला. सगळं सांगायचं, किल्ली परत करायची, अण्णा म्हणतील ते ऐकून घ्यायचं. आतून अण्णांचा आवाज येत होता. ते फोनवर कुणाला तरी कंपनीच्या दातांबद्दल सांगत होते.

दार प्रमोदिनीबाईंनी उघडलं. हातात सोललेल्या वालांची वाटी होती.

"आई, मला अण्णांना एक सांगायचंय," तो म्हणाला.

त्यांनी कोरं कापड पाहिलं, दुहेरी गाठ पाहिली. आतल्या आवाजाकडे एकदा कान दिला आणि दार मागे ओढून घेतलं.

"माळ्यावर, मोठ्या हंड्यामागे ठेवा, अनिमेषराव," त्या हळूच म्हणाल्या. "डावीकडची दोन गाठोडी ह्यांची आहेत. उजवीकडचं माझं."