बेदाण्याशी गप्पा

“चार दिवस हात लावायचा नाही,” सेव्हेरिओ मार्लीला बजावत होता. “नुसतं बघायचं. उचलायचं नाही, कुरवाळायचं नाही, मैत्रिणींना बोलावून दाखवायचं नाही. नव्या घरात पिल्लू बावरलेलं असतं. कळलं?”

मार्लीने मान हलवली.

“अगं, तोंडाने सांग की बये!”

“ती बोलत नाही, सेव्हेरिओ,” तिची आई नरेल हळूच म्हणाली.

म्हातारा ओशाळला. ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावाबाहेरच्या आपल्या द्राक्षमळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये तो तीस वर्षं घरात पाळायचे दाढीवाले सरडे वाढवत होता. गावातली बातमी त्याच्यापर्यंत कधी वेळेवर पोचत नसे. त्याने खोक्याचं झाकण किंचित उघडून मार्लीपुढे धरलं. आत सहा आठवड्यांचं पिल्लू होतं, बोटाएवढं, वाळक्या वेलीच्या रंगाचं.

“हाही बोलत नाही,” तो म्हणाला. “जमेल तुमचं.”

मार्ली आठ वर्षांची. सात महिने तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिचा बाप डॅरन गेला त्या आठवड्यापासून. कान नीट, घसा नीट. डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं. बाप पश्चिमेकडच्या खाणींवर कामाला गेला आणि त्याने साधा फोनही केला नाही, म्हणून पोरीने हाय खाल्ली, असं शेजारी म्हणत. डॅरनच्या वागण्याचं मात्र कुणालाच नवल वाटलं नव्हतं. नरेलचं डावं मनगट अजून पुरतं वळत नसे, आणि ते कशाने मोडलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सरड्याची कल्पना हेदरबाईंची. बोलण्याची अडचण असलेल्या मुलांना त्या शाळेत शिकवत. “घरात जे पाहिलंय ते तिच्या आत अडकून बसलंय,” त्या नरेलला म्हणाल्या होत्या. “माणसांशी नाही बोलणार ती. एखाद्या मुक्या जिवाशी बोलेल. एकदा तोंड उघडलं की मोकळी होईल, बघ तू.”

घरी काचेची पेटी तयार होती. एका टोकाला तापणारा दिवा आणि त्याखाली सपाट दगड. दुसरं टोक गार. तळाला कागद घाल, वाळू नको, पिल्लाच्या पोटात जाते, असं सेव्हेरिओने सांगितलं होतं. घरातली ये-जा दिसून पिल्लू दचकू नये म्हणून नरेलने तीन बाजूंना जुनी चादर लावली. मार्लीने पेटीवर चिठ्ठी चिकटवली: बेदाणा.

नरेल बेदाण्यांच्या कारखान्यात निवडायचं काम करी. दिवसभर बेदाणे बघून आलेल्या बाईला घरी पुन्हा बेदाणाच. तिला हसू आलं, आणि मग हसता हसता रडूही.

पहिल्या दिवशी बेदाणा जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोटावर काळपट रेघा उठल्या. गार टोकाला डोळे मिटून तो पडून राहिला. नरेलने चिमट्यात मुंगळ्याएवढे रातकिडे धरून तोंडाशी नेले, त्याने मान फिरवली. तिसऱ्या दिवशी मार्ली शाळेत गेली नाही. पेटीसमोरून हलेनाच. नरेलने सेव्हेरिओला फोन लावला.

“मरेल का हो हा? हा मेला तर माझ्या पोरीचं काय होईल?”

“आधी दिवा थोडा खाली घे. ऊब कमी पडतेय त्याला. आणि नाकावर पाण्याचा एक थेंब सोड. एकच. पाजायला जाऊ नकोस, आपला आपण चाटेल.”

नरेलने दिवा खाली घेतला. मार्लीने चमच्याच्या टोकावरून थेंब सोडला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग इवलीशी जीभ बाहेर आली. तासाभराने बेदाणा दगडावर चढला. रेघा विरल्या. त्याने एक रातकिडा गट्ट केला, मार्लीकडे पाहिलं आणि पुढचा एक पाय उचलून सावकाश गोल फिरवला. लहान पिल्लं करतात तसं: मी लहान आहे, मला काही करू नका.

मार्लीने तसाच हात फिरवून उत्तर दिलं.

नवव्या दिवशी दुपारी नरेल वाळलेले कपडे घेऊन मार्लीच्या खोलीवरून जात होती. आतून कुजबुज आली. शब्द कळले नाहीत, पण आवाज मार्लीचा होता. सात महिन्यांत घोगरा झालेला. कपडे तिथेच टाकून नरेल मागच्या अंगणात धावली.

“बोलतेय!” ती फोनवर ओरडली. “बाई, माझी पोर बोलतेय!”

“तिला काही विचारू नकोस,” हेदरबाई म्हणाल्या. “ऐकलंस हेही कळू देऊ नकोस. उद्या शाळा सुटली की मी येते. मला स्वतःच्या कानांनी ऐकायचंय.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी बूट दाराबाहेरच काढले. नरेलने चहा केला होता. तो तसाच राहिला. मार्लीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. दोघी भिंतीला टेकून, श्वास रोखून उभ्या राहिल्या. फटीतून मार्ली दिसत होती. जमिनीवर उताणी, आणि छातीवर बेदाणा.

“घाबरायचं नाही हं,” मार्ली म्हणाली. स्वच्छ, सरळ. “इथे आता कुणी कुणाला मारत नाही.”

हेदरबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी नरेलचा हात घट्ट दाबला. नरेलने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला होता, हुंदका बाहेर पडू नये म्हणून.

“माझी आई खूप चांगली आहे,” मार्ली बेदाण्याला सांगत होती. “पण हेदरबाई रोज म्हणतात, बोल, बोल. कशी बोलू रे? एक शब्द सुटला की सगळेच सुटतील. आईने बाबाला कुठे पुरलंय, तेसुद्धा.”