तातेरावांची पाटी

दारावरची जागा खरंच रिकामी होती. चार खिळ्यांची भोकं आणि पाटीच्या आकाराचा पांढरा चौकोन, बाकी काही नाही. 'चित्रगती, संस्थापक तातेराव भद्रे' अशी पाटी कालपरवापर्यंत तिथे होती.

तातेरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी जेवताना विमलाबाई सहज बोलून गेल्या होत्या, "अहो, बरकतपुऱ्यातली तुमच्या नावाची पाटी काढली म्हणे." हातातला घास ताटात टाकून ते उठले. एरवी "आधी जेवून घ्या, मग भांडा" म्हणणाऱ्या विमलाबाईंनी आज अडवलं नाही. "ऊन आहे" म्हणत काळी छत्री तेवढी हातात दिली. तारनाक्यापासून इथपर्यंत तातेराव रिक्षात एकटेच बडबडत होते.

"किससे मिलना साब?" नव्या वॉचमनने दारातच हटकलं.

"मेरे कू पूछता? ये स्टुडिओ मैं बनाया!"

"वो मेरे कू नै मालूम साब. अंदर नक्को जाओ, मॅडम इधरीच आते."

बाहेरच्या खोलीत पंखा बंद होता. एक बाक होतं, त्यावर धूळ. कोपऱ्यात एक मुलगी आणि एक मुलगा मांडीवर कागद घेऊन खरडत बसले होते. ज्या माणसामुळे त्यांच्या पोटाला मिळतं तो दारात उभा, आणि दोघं जागचे हललेसुद्धा नाहीत!

नांदेडकडून सिनेमाची पोस्टरं रंगवायला आलेला हा माणूस. कार्टून म्हणजे विलायतेहून येणारी वस्तू असं लोक समजत, तेव्हा याच खोलीत त्यांनी टिल्लू नावाचा मुंगूस कागदावर चालवला, पळवला, चिडवला. टिल्लू टीव्हीवर आला आणि गल्लीतली पोरं खेळ टाकून घरात पळू लागली. मग टिल्लूच्या वह्या, टिल्लूचे फुगे, टिल्लूची बिस्किटं. चित्रातून धंदा उभा राहतो हे या शहराला दाखवलं ते तातेरावांनी.

पुढे घरोघरी केबल आली, परदेशी चॅनेलं आली आणि परदेशी कंपन्यांची कामंही आली. मुख्य चित्रं तिकडून यायची, मधली हालचाल इथल्या पोरांनी भरायची. "परक्याच्या लेकराला पावडर लावायचं काम," तातेराव म्हणायचे. ते त्यांना जमेना. कारभार त्यांनी रूपालीच्या हाती दिला आणि ते घरी बसले. रूपाली त्यांची सगळ्यात आवडती शिष्या. आणि तिनेच ही पाटी काढावी?

बऱ्याच वेळाने रूपाली आली. नमस्कार नाही, पाणी नाही.

"सर, इकडे खिडकीशी या. तिथे अंधार आहे."

"अंधार तुझ्या डोक्यात आहे! माझी पाटी कुठाय?"

"जुनी झाली होती. आता जमाना बदलला, सर."

"जमाना?" तातेरावांनी छत्री फरशीवर आपटली. "सुलतान बाजारातला अंबाजी कापडवाला आठवतो? तुला त्याच्याकडे पाठवलं. दुकानभर तागे उलगडायला लावून तू एक हातरुमाल मागितलास. तो असा पेटला! आणि मी समोरच्या दुकानात बसून त्याला कागदावर उतरवत होतो. टिल्लूचा राग तिथला आहे. आणि ही तुझी पोरं? माना खाली घालून कागद काळे करतात. माणूस बघत नाहीत!"

कोपऱ्यातल्या मुलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

"अंबाजीच्या नावाची पाटी कुठे लावली होती आपण, सर?" रूपालीने शांतपणे विचारलं.

मग मात्र संतापाला सुमार राहिला नाही. "मला शिकवतेस? गरज सरो, वैद्य मरो!" तातेरावांनी छत्री अशी उगारली की ती हवेतच फटकन उघडली. टोपी उडून धुळीत पडली. कृतघ्न, खाल्ल्या मिठाला न जागणारे, परक्यांचे पाणके, तोंडाला येईल ते बोलत गेले. वॉचमनसुद्धा दारातून डोकावला.

अखेर श्वास पुरेना. ते धुळीच्याच बाकावर बसले. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायचीही त्यांना लाज वाटली.

"मी मेल्यावर काढायची होतीस गं," ते म्हणाले. "तेवढा तरी दम धरायचा."

रूपालीचा चेहरा पडला. ती घाईघाईने कोपऱ्याकडे वळली. "झालं का रे?"

"झालं, मॅडम. शेवटचं थोडं राहिलंय."

मुलीने कागदांचा गठ्ठा तातेरावांच्या हातात ठेवला. सवयीने त्यांचा अंगठा कागदांच्या कडेवरून फिरला. कागद फडफडले आणि एक म्हातारा तरातरा दारातून आत आला. त्याने छत्री आपटली, उगारली, ती फटकन उघडली, टोपी उडाली. अगदी शेवटच्या कागदावर तो बाकावर बसला होता. त्याचे डोळे अजून काढायचे होते.

सगळ्यात वरच्या कागदावर नाव होतं : 'तातेराव'.

"परक्यांचं काम नाही, सर. आपला स्वतःचा पहिला मोठा सिनेमा," रूपाली म्हणाली. "पाटी आत नव्याने रंगवून ठेवलीय. आत्ता लावते."

तातेरावांनी उघडी छत्री तिच्यापुढे धरली.

"आणि ही?"

"ती विमलाबाईंची कल्पना. म्हणाल्या, छत्रीशिवाय यांचा राग रंगत नाही."