काच फुटल्यावर

काच फुटली आहे आणि मूल खोटं बोलतंय, असं समजायचं होतं. काच नव्हतीच. मूल म्हणून ॲनी उभी होती. तिशीही न गाठलेली समाजसेविका, प्रशिक्षण देणारी तीच. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, मान खाली घालून ती म्हणाली, "मी नाय फोडली."

चर्चच्या सभागृहात जमलेली जोडपी हसली. ज्यांना घर नाही अशा मुलांना काही काळ आपल्या घरी सांभाळायला ही सगळी पुढे आली होती, आणि मूल हाती देण्याआधी त्यांना हे शिकणं भाग होतं. आज शेवटचा दिवस. पाळी ऑगस्टीन सरांची होती.

उमेळे गावातल्या अर्ध्या घरांना सरांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. बाजारात भाजी घेताना त्यांच्या हातातली पिशवी कुणीतरी पुढे होऊन घेई. निवृत्तीनंतर घर फार शांत वाटू लागलं, म्हणून मूल आणायचं त्यांनीच ठरवलं. मार्गारेट 'बरं' म्हणाली. लग्नापासून ती 'बरं'च म्हणत आली होती.

सर उठले. ॲनीजवळ गेले आणि दुखऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता तिच्यापुढे जमिनीवर बसले. आता त्यांना तिच्याकडे मान वर करून बघावं लागत होतं.

"काच कुठे लागली का गं तुला?"

ॲनीनं नाही म्हणून मान हलवली.

"मग झालं तर. घाबरलीस ना? मी ओरडेन असं वाटलं?" सरांचा आवाज एकदम खाली आला होता. "चल, तू सुपली धर, मी झाडतो. काय झालं ते नंतर सांग. नाही सांगावंसं वाटलं तरी चालेल."

ॲनी पुढचं वाक्य विसरली. तिचे डोळे भरून आले होते. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. जिल्ह्याच्या कार्यालयातून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्हाला आम्ही काय शिकवणार?"

सर हसत उठले आणि त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. रिचेलची खुर्ची रिकामी होती.

रिचेल त्यांची एकुलती मुलगी. चाळिशीला टेकलेली, लग्न न केलेली, त्यांच्याच घरात राहणारी. घरातल्या प्रत्येकाचं मत घ्यायचं म्हणून आज तिला बोलावलं होतं. बापलेकीत बोलणं असं फारसं नव्हतं. जेवलात का, औषध घेतलं का, एवढंच. सरांना वाटे, पोरीचा स्वभावच अबोल.

सर बाहेर आले. ती व्हरांड्यात खांबाला धरून उभी होती, पाठमोरी.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

ती वळली. रडत होती.

"हे तुम्हाला येत होतं, पपा?"

सरांना आधी काही कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं.

ती आठ वर्षांची होती. घरातल्या आल्तारावरच्या, येशूच्या तसबिरीपुढच्या दिव्याची काच तिच्या हातून फुटली आणि ती म्हणाली, मी नाय फोडली. सरांनी तिला दंडाला धरून अंगणात नेलं आणि रस्त्याकडे तोंड करून गुडघ्यांवर बसवलं. संध्याकाळची प्रार्थना आटपून लोक घरी परतत होते. तिच्या वर्गातली पोरं बघत बघत गेली. मार्गारेट दारात आली, तर सरांनी नुसत्या नजरेनं तिला आत पाठवलं. आणि हे काही एकदाच घडलं नव्हतं. कमी गुणांसाठी घडलं, सांडलेल्या दुधासाठी घडलं, पाहुण्यांसमोर मोठ्यानं हसली म्हणूनही घडलं. पुढे पुढे ती घरात हसेनाशी झाली, आणि मग शिक्षेची गरज उरली नाही.

उत्तर जिभेवर तयार होतं. त्या काळी आम्हाला कोण शिकवत होतं, बाळा? आत्ता शिकलो. रिचेल त्यांच्या तोंडाकडे बघत होती. हे उत्तर तिनं बहुधा मान्यही केलं असतं.

पण त्याच वर्षी शाळेत पाचूबंदरच्या एका कोळ्याच्या पोरीनं प्रयोगशाळेतली काचेची नळी फोडली होती. सर तेव्हाही असेच खाली बसले होते. तेव्हाही त्यांनी आधी काच कुठे लागली का, हेच विचारलं होतं. त्या पोरीनं आपल्या लग्नाचं पहिलं आमंत्रण सरांना आणून दिलं, आणि ती गोष्ट सर अजून कौतुकानं सांगत.

सरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. लेकीच्या तोंडाकडे बघणं त्यांना जमेना.

"येत होतं," ते म्हणाले.

रिचेलनं हळूच मान डोलावली. जणू तिला हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं, फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

तेवढ्यात मॅडम लगबगीनं बाहेर आल्या. त्यांच्यामागून मार्गारेटही आली आणि दारातच थांबली.

"रिचेलताई, तुमचं मत तेवढं राहिलंय हं. सांगा, सरांच्या घरी मूल द्यायचं ना?"

रिचेलनं तळहातानं डोळे पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता.

"द्या. दुसऱ्यांच्या पोरांशी पपा फार मायेनं वागतात."

"वा!" मॅडमचा चेहरा उजळला. "पोटच्या मुलीनं दिलेली याहून मोठी पावती कुठली? डोळ्यांत पाणी बघा तिच्या! अभिनंदन, सर."

त्यांनी हात पुढे केला. दारात मार्गारेटनं मान खाली घातली. नुसतं हसून हात मिळवला असता तरी निभावलं असतं. गावात कुणाला कधीच काही कळलं नसतं.

सरांनी हात पुढे केला नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "ती माझं कौतुक करत नाहीये."